उपदेशातली शेळी

उपदेश कसा लिहायचा हे मला पाळक घडवणाऱ्या सेमिनरीनं शिकवलं, पण तो फसलाय हे ओळखायला मी शिकले आईच्या चुलीपाशी. सुट्टीला जुन्नरला घरी आले की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कागद मोठ्यानं वाचायचे आणि आई बाजरीच्या भाकऱ्या थापता थापता ऐकायची. वाक्य मनाला लागलं की तिचा हात परातीत थांबायचा. कंटाळा आला की थापण्याचा आवाज वाढायचा. माझ्या सुरुवातीच्या उपदेशांच्या काळात आमच्या घरी भाकऱ्या लई जोरात थापल्या गेल्या. बाबा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. ते मोरीत बसून हाताचं ग्रीस रॉकेलनं काढत ऐकायचे आणि सगळं झाल्यावर एवढंच म्हणायचे, "इंजिन बरं वाजतंय गं, पण गाडी काय जागची हालंना." मला राग यायचा. पवित्र शास्त्राच्या गोष्टीत एस.टी. आणतात म्हणून नव्हे, खरं बोलतात म्हणून.

उपदेशशास्त्र शिकवणारे आमचे सर किडकिडीत होते आणि लाल शाईचं पेन ते छातीशी तलवारीसारखं बाळगायचे. उपदेशाला तीन मुद्दे हवेत, प्रत्येक मुद्द्याला रोजच्या जगण्यातला एक दाखला हवा, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या हाताला काही काम हवं, हे त्यांचं सूत्र. माझे कागद परत यायचे तेव्हा समासात वरपासून खालपर्यंत एकच शेरा असायचा, "मग काय?" सर समजावून सांगायचे, "शालिनी, देव प्रेमळ आहे म्हणालीस. छान. माणूस बाहेर येऊन चप्पल पायात घालताना विचारतो, मग काय? त्याचं उत्तर कागदावर नसेल तर उभीच राहू नकोस." दुसरं दुखणं माझ्या हातांचं. वर्गात मी एकटी मुलगी. मुलं बोलताना एक हात खुशाल पँटच्या खिशात घालून मोठ्या पाळकांसारखी उभी राहायची आणि माझे हात कधी पदराशी, कधी मानेशी, कधी बांगड्यांशी. सर एकदा भर वर्गात म्हणाले, "तुझे हात चोरून दूध प्यालेल्या मांजरासारखे का पळतात?" वर्ग हसला. मी म्हटलं, "सर, साडीला खिसा नसतो." मग सरही हसले, पण हातांचा प्रश्न काही सुटला नाही.

शेवटच्या वर्षी उमेदवारांना गावच्या ख्रिस्ती मंडळीत राहून काम शिकायला पाठवायचे. मला निमगाव सावा मिळालं. आमची मंडळी म्हणजे मोजकी घरं, आणि देऊळ म्हणजे चार भिंती आणि वर गंजलेले पत्रे, त्यांना इतकी भोकं की दुपारच्या उपासनेला उन्हाचे कवडसे लोकांच्या डोक्यावरून फिरायचे. कारभार पाहायचे याकोबबापू, मंडळीतले सगळ्यांत वडील. त्यांनी मला पाहिलं, माझ्या मागे आणखी कुणी उतरतंय का ते पाहिलं आणि म्हणाले, "बाईमाणूस धाडलंय व्हय? बरं. बोलता येतं नव्हं?" माझी राहायची सोय त्यांनी सोनामावशीकडे केली. मावशी विधवा, शेतावर रोजानं जाणारी, मोठ्यानं हसणारी बाई. मंडळीत तिला कुणी कमी लेखत नसे, पण विचारतही नसे. घरात ती, तिची मुलगी पुष्पा आणि मैना नावाची शेळी.

पुष्पा माझ्याच वयाची. तिचं लग्न मोडलेलं. सासरहून ती एका पिशवीनिशी परत आली होती आणि त्यावर कुणी बोललेलं तिला खपत नसे. तिनं बेल्ह्याला जाऊन शिवणाचा क्लास पुरा केला होता. आता फक्त मशीन हवी होती. मैनेला तिनं करडू असल्यापासून वाढवलेलं. मैनेची दोन करडं आधीच बाजारात देऊन मशीनची निम्मी सोय झाली होती. उरलेली निम्मी म्हणजे मैना स्वतः. उपकारस्तुतीचा सण झाला की येणाऱ्या बेल्ह्याच्या बाजारात तिला न्यायची, हे घरात ठरलेलं. मशीन दाराशी कुठे ठेवायची, उजेड कुठून येईल, हेही ठरलेलं. तोवर पुष्पा कागदावर हात बसवायची. माझ्या उपदेशांचे खाडाखोड केलेले कागद ती मागून घ्यायची, खळीनं जोडायची आणि त्यावर ब्लाऊजचे नमुने कापायची. माझं उधळ्या पुत्रावरचं सगळं विवेचन एका बाहीत गेलं, तेव्हा ती म्हणाली, "बघ, तुझ्या उपदेशाचा कुणाला तरी उपेग झाला."

त्या घरात मी सुखी होते, हे लिहायलाच हवं. हुलग्याच्या शेंगोळ्या शिजताना जो वास यायचा तो मला आजही कुठे आला तर मी दोन मिनिटं उभी राहते. तेव्हा बिबटे आताइतके घराघराशी येत नसत, तरी तरसाच्या भीतीनं मैनेला झोपायला आत घ्यायचे. एका बाजूला मावशी, मधे आम्ही दोघी, दाराकडे मैना. तिच्या रवंथाच्या आवाजावर मला झोप लागायची.

उपकारस्तुतीचा सण म्हणजे सुगी घरात आली की देवाचे आभार मानायची आमच्यातली रीत. ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं पहिलं देवळात आणून पुढच्या मेजापाशी मांडायचं: बाजरीची कणसं, कांदे, भोपळे, अंडी, कोंबडा. उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो. त्यात भारी गंमत असते. एका लिंबासाठी दोन जावा हट्टाला पेटतात, आणि जिंकलेली "पुन्हा देवाला" म्हणून ते परत मेजावर ठेवते, की पुन्हा बोली सुरू. त्या वर्षीचं दान नव्या पत्र्यांसाठी होतं. आणि त्या दिवशीचा उपदेश मी करायचा होता. माझा मंडळीपुढचा पहिला मोठा उपदेश. जवळ होत्या नव्हत्या त्या दोन दमड्या दानपेटीत टाकणाऱ्या विधवेचा शास्त्रपाठ होता.

आदल्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून मी पुष्पाला तो वाचून दाखवला. ती नमुना कापत ऐकत होती. तिसऱ्या मुद्द्यावर तिनं कात्री ठेवली. "नुसतं द्या द्या काय लावलंस, वसुलीवाल्यावाणी? काय द्यायचं ते सांग की. लोकांच्या डोळ्यापुढं आलं पायजे." मला सरांची लाल शाई दिसली. बरोबर होतं तिचं. मी वाक्य जुळवू लागले: तुमच्या कणगीत जपून ठेवलेलं बी, तुमच्या कोंबडीखालची अंडी. तिसरं काही सुचेना, आणि सरांच्या शिकवणीप्रमाणे तीन तर हवेतच. मी कागदावरून डोळे उचलले. समोर खुंट्याला मैना बांधलेली, सुबाभळीचा पाला खात होती. मी लिहिलं, "तुमच्या दारातली दुभती शेळी. ज्याच्यावर तुमच्या उद्याचा भरवसा आहे, तेच देवाच्या हाती देऊन बघा." वाचून दाखवलं तर पुष्पा हसली. "घ्या. मैनाबी गेली उपदेशात." आम्ही दोघी हसलो. दोघींच्याही मनात दुसरं काही आलं नाही. इतकं समोर असूनही आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

सणाच्या दिवशी आई-बाबा पहिल्या गाडीनं जुन्नरहून आले. आई बायकांच्या बाजूला पुढे बसली. मी उभी राहिले, हातांना मेजाची कड धरायला लावली आणि बोलू लागले. पहिल्या मुद्द्याला लोक ऐकत होते. दुसऱ्याला खोकणं थांबलं. मी आईच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर गप्प होते. असं कधी झालं नव्हतं. मला बळ आलं. तिसऱ्या मुद्द्यावर मी आवाज खाली आणला, सरांनी शिकवला होता तसा, आणि ते वाक्य सावकाश म्हटलं. बी. अंडी. दारातली दुभती शेळी. याकोबबापूंनी डोळे पुसले. त्याच वेळी सोनामावशी उठून बाहेर गेली. मागे मासवडीचा रस्सा शिजत होता, तो बघायला गेली असेल असं वाटून मला थोडा रागही आला, की ऐन वेळी कशी उठली.

शेवटचं गीत चालू असताना शहाबादी फरशीवर खुरांचा टक टक आवाज आला. मावशी मैनेला दाव्यानं धरून मधल्या वाटेनं पुढे येत होती. लोक आधी हसले, मग गीत म्हणायचं विसरले. मावशीनं दावं मेजाच्या पायाला बांधलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवानं नाव घेतलं माझ्या मैनेचं. इतक्या घरांत माझ्याच दारातली शेळी दिसली त्याला." तिचा चेहरा इतका उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मी दाराकडे पाहिलं. पुष्पा तिथे खांबाला टेकून उभी होती. ती आईकडे बघत नव्हती, शेळीकडेही नाही. माझ्याकडे बघत होती.

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगते. आधी आनंद वाटला. माझ्या शब्दानं माणूस उठून घरी गेलं आणि जिवापाड जपलेलं घेऊन आलं, "मग काय?"चं उत्तर मेजाला बांधलेलं माझ्यासमोर उभं होतं. पुष्पाचे डोळे दिसल्यावरसुद्धा तो आनंद लगेच गेला नाही. थोडा वेळ आनंद आणि अपराधीपणा दोन्ही एकत्र राहिले. त्या थोड्या वेळाची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

लिलावात मैनेची बोली लागली तेव्हा मी मनात म्हणत होते की कुणीतरी घ्यावी आणि मावशीच्याच दारात नेऊन बांधावी. बाबांनी बोली लावली, पण त्यांना मशीनचं काही ठाऊक नव्हतं. लेकीच्या उपदेशाच्या कौतुकात लावली आणि थोड्याच वेळात थांबले. घेतली ती बेल्ह्याच्या करीमभाईंनी. शेळ्या-कोंबड्यांचे व्यापारी, दर वर्षी या सणाला टेम्पो घेऊन यायचे आणि याकोबबापूंच्या पंगतीला बसून जेवून जायचे. मी टेम्पोपाशी धावत गेले आणि का ते नीट न सांगताच म्हणाले, ही परत करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दावं सोडायला हात घातलासुद्धा. "बाई, मी आत्ता सोडतो. दिलेलं देवळाच्या कामाला ऱ्हाऊ द्या, शेळी घिऊन जा. पण आधी सोनाबाईला इचारा. घेतील का त्या?" त्यांना उत्तर माहीत असावं. मावशी माझ्या मागे येऊन उभीच होती. "न्हाई भाऊ. देवाला दिलेलं मागं घिऊन मी कोणत्या तोंडानं प्रार्थनेला बसू?" टेम्पो गेला. मैना वळणापर्यंत ओरडत होती.

संध्याकाळी घरी तिघी होतो. मावशी चुलीपाशी गीत गुणगुणत होती. मला राहवेना. मी तिला म्हटलं, "मावशी, एक ऐक. ते वाक्य देवानं नाही सांगितलं. मला तिसरं काही सुचत नव्हतं आणि शेळी समोर बांधलेली होती, म्हणून लिहिलं. पुष्पा होती तिथं, विचार तिला." पाळक व्हायला निघालेल्या माणसानं हे बोलायला जड जातं, पण बोलले. मला वाटलं ती खचेल किंवा चिडेल. मावशीनं पळीनं शेंगोळ्या हलवल्या आणि म्हणाली, "आन ती तिथं समोर कुणी बांधली व्हती? मीच ना? रोज बांधते का मी तिथं? रोज तर मागल्या दारी असती. काल तिथं बांधायची बुद्धी मला कुणी दिली?" पुष्पा उठली, ओट्यासमोरचा खुंटा हलवून हलवून उपटला, आत आणला आणि चुलीत घातला. सुकं लाकूड होतं, लगेच पेटलं. शेंगोळ्या त्यावर शिजल्या आणि आम्ही त्या खाल्ल्या.

सकाळी पुष्पा कांदा लागवडीला रोजानं निघाली. मीही मागे गेले. वाफ्यात उतरले तर म्हणाली, "तू नको. तुझ्या हातांना हितं काय काम?" तरी मी रोपं लावत राहिले. ती माझ्या मागून येऊन एकेक रोप उपटून सरळ लावत होती, कारण मी सगळी वाकडी लावली होती. दुपारी बांधावर भाकरी सोडल्यावर ती पहिल्यांदा नीट बोलली. "काय द्यायचं ते सांग, आसं मीच म्हणले तुला. आता कुणावर रागवू ते तरी सांग." मी म्हटलं, माझ्यावर रागव. ती म्हणाली, "त्यानं काय मशीन येती का?" आणि चटणी माझ्या भाकरीवर ठेवली.

त्यानंतरच्या रविवारी मी उपदेश केला तेव्हा काहीच मागितलं नाही. देव प्रेमळ आहे एवढंच सांगितलं आणि बसले. बाहेर चप्पल पायात घालताना मावशी म्हणाली, "आज काय मागितलंच न्हाई तुमी शालूबाई. देवाला आमची सय न्हाई का आली या आठवड्यात?" मला वाटलं होतं मी तिला वाचवतेय. ती मात्र हिरमुसून घरी गेली. सणाचा उपदेश मी सरांकडे पाठवला होता, तो परत आला तर समासात पहिल्यांदाच "मग काय?" नव्हतं. एकदाही नव्हतं. तो कागद पुष्पानं मागितला नाही आणि मला तो द्यायचं धाडस झालं नाही.

पावसाळ्याआधी देवळावर नवे पत्रे चढले. लोक त्यांना कौतुकानं "शालूबाईंच्या उपदेशाचे पत्रे" म्हणत. मी पुढे कितीतरी गावांत पाळक म्हणून राहिले, कधी इकडे जुन्नरकडे, कधी आंबेगावकडे, आणि कुठेही सुगीच्या सणाला अमुक आणा असं माझ्या तोंडून गेलं नाही. कारभारी मंडळी कुरकुरायची, की बाईंचा उपदेश गोड असतो, पण दान काही जमत नाही. त्यांचंही खरं. हा माझा शहाणपणा की भित्रेपणा, हे मी अजून ठरवू शकलेली नाही. मावशीला विचारलं असतं तर तिनं भित्रेपणा म्हटलं असतं. ती शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला मैनेची गोष्ट सांगायची, आणि दर वेळी सांगताना तिचा चेहरा त्या दिवसासारखा व्हायचा. मी तिथे असले तर खाली बघायचे.

पुष्पाला मशीन मिळाली, पण ती कांद्याच्या वाफ्यांतून मिळाली, आणि उशिरा. मग तिनं घोडेगावला स्टँडजवळ एक गाळा घेतला. बऱ्याच वर्षांनी माझा पाळकपदाचा दीक्षाविधी ठरला तेव्हा पांढरा झगा शिवायला मी पुण्याला न जाता तिच्याकडे गेले. तिला काम द्यावं म्हणून गेले असं मी स्वतःला सांगत होते. तिनं मापं घेतली, खडू तोंडात धरून. मी म्हटलं, "पुष्पे, आतून दोन खिसे ठेव गं. बोलताना हातांचं काय करायचं ते मला अजून कळत नाही." ती म्हणाली, "बघू."

दीक्षेच्या दिवशी झगा अंगात घातला आणि हात खाली नेले, तर खिसे नव्हते. उजवीकडे नाही, डावीकडेही नाही. शिलाई इतकी नीट होती की चुकून राहिले असं म्हणायलाही जागा नव्हती. विधी झाला, मी पाळक झाले, लोक सलाम करून पुढे सरकत होते, त्यांत ती आली. मी हळूच विचारलं, "खिसे राहिले का गं?" तिनं माझी बाही सारखी केली. "न्हाई ठेवले. लोकांना द्या म्हणायचं आन आपलेच हात खिशात? बरं न्हाई दिसत." मग हसली, जशी ओट्यावर हसली होती तशी, आणि मागच्यांना जागा द्यायला बाजूला झाली.

आता मी निवृत्त आहे. कुणी सणावाराला बोलावलं तर तोच झगा घालते. मनगटाशी विरलाय, पण दुसरा शिवला नाही. उभी राहिले की हात कुठे ठेवावेत हे मला आजही समजत नाही. म्हणून ते पुढे उघडे ठेवते, आणि त्यांत काही नाही हे समोर बसलेल्या सगळ्यांना दिसतं.